पालकमंत्र्यांचं १ मेचं भाषण लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

राज्यातल्या सर्व जिल्हा माहिती अधिकाऱ्यांस, आणि त्यांच्या कार्यालयांत भाषणांचे मसुदे तयार करणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मंत्रिमहोदयांना लिहायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण १ मेच्या सकाळी पोलीस कवायत मैदानावर जे भाषण होतं ते कुठे तयार होतं, हे अशा दोन-चार कार्यक्रमांना गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मंत्री वाचतात, लिहिता आपण. पालकमंत्री बदलतात, त्या पदावरून रुसवेफुगवे होतात, महिनोन्‌महिने ते पद रिकामंही राहतं, पण भाषणाचा साचा काही हलत नाही. त्यामुळे ज्यांच्या हातात पेन आहे त्यांच्याशीच बोललेलं बरं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त आहे. मुलांच्या रांगा लावत उन्हात उभं राहून ही भाषणं मी ऐकली आहेत आणि त्यांची चाल मला पाठ झाली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना अभिवादन. शिवराय, फुले, शाहू, आंबेडकर. कामगार बंधू-भगिनींना शुभेच्छा. इथवर दीड मिनिट. मग कृषी विभाग सुरू होतो आणि आकडे पडायला लागतात: इतके लाभार्थी, इतके कोटी वितरित, इतकी घरकुलं मंजूर, इतकी शेततळी पूर्ण. पुढे आदर्श तलाठी पुरस्कार, पोलीस महासंचालकांची सन्मानचिन्हं, आणि जय हिंद, जय महाराष्ट्र. पहिला परिच्छेद बदलला की हेच भाषण २६ जानेवारीला चालतं आणि १५ ऑगस्टलाही. माझं म्हणणं एवढंच आहे की १ मे हा दिवस इतका कोरा नाही. या एका तारखेवर महाराष्ट्रात इतकं काही घडलं आहे की प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचं असं काहीतरी सांगता येईल, आणि ते आपण सांगत नाही.

आधी १९६० चं उरकतो. तो परिच्छेद काढा असं मी म्हणत नाही. ३० एप्रिल आणि १ मेच्या मधल्या रात्री राजभवनावर पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या राज्याचा नकाशा उजळला, यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले, सव्वीस जिल्ह्यांचं राज्य उभं राहिलं. त्यासाठी मुंबईत आणि इतरत्र शंभरावर माणसं गोळीबारांत गेली. हे सांगितलंच पाहिजे. पण त्यात एक नाव कधी ऐकू येत नाही, ते गुजरातचे लोकसेवक रविशंकर महाराजांचं. त्याच दिवशी साबरमती आश्रमात त्यांच्या हस्ते गुजरात राज्याचं उद्घाटन झालं. मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र बांधलेलं द्वैभाषिक राज्य गुजरातलाही नकोच होतं. ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत काँग्रेस भवनाजवळ गोळीबार झाला, विद्यार्थी मारले गेले, इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली तिकडचं आंदोलन पेटलं. आपल्या भाषणांतून मात्र असं वाटतं की आपण कुणाकडून तरी राज्य हिसकावून घेतलं. दोन्ही बाजूंना लोकांना आपापल्या भाषेतला कारभार हवा होता आणि दोघांनाही तो एकाच मध्यरात्री मिळाला. नंदुरबारच्या भाषणात तरी हे यायला हवं. पश्चिम खानदेशातली काही गावं त्या वाटणीत गुजरातला गेली, ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातलीही गेली, आणि नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून तर राज्याची हद्दच जाते: तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. लोक तिथल्या बाकावर बसून फोटो काढतात, अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे. ध्वजारोहणाला उभ्या असलेल्या नवापूरच्या मुलाला ही रेघ कधी आणि का आली हे त्याच दिवशी कळावं, यात अवघड काय आहे?

आता माझ्या घरचं. मी परतूर तालुक्यातला. आमच्या गावातल्या जुन्या माणसांनी घर न सोडता निजामाचं राज्य पाहिलं, १९४८ नंतरचं हैदराबाद राज्य पाहिलं, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य पाहिलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. तेवढ्यावर थांबलं नाही. १ मे १९८१ ला परतूर परभणी जिल्ह्यातून निघून नव्या जालना जिल्ह्यात आलं. औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतला परतूर एवढे तालुके घेऊन हा जिल्हा झाला. मंठा, घनसावंगी, बदनापूर हे तालुके नंतरचे. म्हणजे जालन्यात १ मे हा जिल्ह्याचा वाढदिवस आहे. त्याच दिवशी, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, रत्नागिरीचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग झाला. पुढे १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. चार जिल्हे, एक तारीख. या चारही ठिकाणी भाषणात याबद्दल आली तर एखादी ओळ येते, ती ऐकू येईपर्यंत कृषी विभाग सुरू झालेला असतो.

नवा जिल्हा ही काय चीज असते, हे सगळीकडे सारखं नसतं आणि तेही सांगण्यासारखं आहे. खरं सांगायचं तर परभणी जिल्ह्यात असताना परतूरकरांचं फार अडत होतं असं नाही; परभणी रेल्वेच्या वाटेवर होती, सकाळी निघालं की कचेरीतलं काम करून संध्याकाळी परत येता येई. सावंतवाडीच्या किंवा दोडामार्गच्या माणसाला रत्नागिरी गाठायची म्हणजे काय प्रकार होता, हे कोकणातल्या घाटवळणांवरून एसटीनं गेलेल्यांना विचारा. एका सहीसाठी मुक्काम पडायचा. तीच गत देवरी-सालेकशाच्या माणसाची, कचेरी भंडाऱ्याला. त्यांना १ मेनं खरोखर काहीतरी दिलं. ओरोसला उजाड माळावर सिंधुदुर्गनगरी, म्हणजे जिल्ह्याचं मुख्यालय, उभी राहिली तेव्हा लोक तिला नावं ठेवत, पण कागद तिथेच मिळू लागला.

आणि मग पुढचं, जे भाषणात येत नाही कारण ते अडचणीचं आहे. जिल्हा करताना जे सांगितलं जातं ते केव्हा येतं? गोंदियाला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली आलं, जिल्हा झाल्यावर सतरा वर्षांनी. सिंधुदुर्गला २०२१ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. जालन्याला २०२४ साली, त्रेचाळीस वर्षांनी. आणि आमच्यानंतर अठरा वर्षांनी जन्मलेल्या हिंगोलीलाही त्याच वर्षी. या चार आकड्यांसाठी कुठल्याही विभागाकडून माहिती मागवावी लागत नाही. मंत्र्यांना ते श्रेय म्हणूनही सांगता येतील आणि उशीर म्हणूनही ऐकणाऱ्याला कळतील. आपण लाभार्थ्यांचे आकडे देता त्यापेक्षा हे चार आकडे जिल्ह्याबद्दल जास्त सांगतात.

याहून मोठी गोष्ट १ मे १९६२ ची, आणि ती छत्तीसही जिल्ह्यांत कुणी काढत नाही याचं मला मास्तर म्हणून जास्त वाईट वाटतं. राज्य होऊन दोन महिने झाले नाहीत तोच, जून १९६० मध्ये, वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला, त्यावर कायदा झाला आणि राज्याच्या दुसऱ्या वाढदिवशी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. नव्या राज्याला स्वतःच्या वाढदिवशी काय करावंसं वाटलं तर सत्ता खाली द्यावीशी वाटली, हे आज वाचताना जरा अविश्वसनीय वाटतं. नाईक समितीचा कल जिल्ह्याला बळकट करण्याकडे होता. जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेपासून दूर ठेवलं, आमदार-खासदारांनाही आत घेतलं नाही. इतर राज्यांत ही मंडळी त्या सभांत बसत होती. इथे ठरवून नाही बसवली. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, पशुवैद्यकीय दवाखाने, सगळं एका निवडून आलेल्या सभेकडे गेलं. माझ्या नेमणुकीच्या आदेशावर शिक्का जिल्हा परिषदेचा होता आणि ग्रामीण महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्या ज्या शाळेत शिकल्या तीही जिल्हा परिषदेचीच.

त्या सभांतून माणसंही तयार झाली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद, आणि शेवटी मुख्यमंत्री. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून आले. सरपंचाला मंत्रालयाचा रस्ता दिसावा अशी ती शिडी होती. १९९२-९३ च्या घटनादुरुस्तीनं देशभर जे सक्तीचं केलं ते इथे तीस वर्षं चालू होतं. महिलांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या, तेव्हा 'सरपंचपती' हा नवा प्राणीही जन्माला आला हे खरं, पण त्याच गावांत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला स्वतःच्या आवाजात बोलणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत.

मग हे भाषणात का नसतं? मला वाटतं, कारण ते आलं की पुढचं वाक्यही येतं. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद, प्रभागांचा वाद, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा. कारणं होती, नाही म्हणत नाही. पण या सगळ्या काळात दर १ मेला ध्वजारोहण झालं, हुतात्म्यांना अभिवादन झालं, आणि आज पंचायत राजचाही वर्धापनदिन आहे हे मंचावरून कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मंत्र्यांच्या तोंडी टीका घाला असं मी सांगत नाही, तेवढं शासकीय शहाणपण मलाही आहे. '१ मे १९६२ रोजी आपली जिल्हा परिषद सुरू झाली' हे एक सरळ वाक्य लिहा. पुढचं लोक आपसूक आठवतील.

याच दिवशी गावोगाव ग्रामसभाही असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या चार तारखा ग्रामसेवकाला झोपेतही विचारल्या तरी सांगता येतील. आमच्या भागात या चारांत १ मेचं महत्त्व वेगळं आहे आणि ते मुंबईत बसून कळणार नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दर दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात. २६ जानेवारीची ग्रामसभा होते तेव्हा ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. घरकुलाची यादी वाचली जाते, रस्त्याचा ठराव होतो, आणि ज्याच्या घरावर पत्रे नाहीत तो फडात कोयता चालवत असतो. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात. म्हणजे परतल्यावर त्यांना मिळणारी पहिली ग्रामसभा १ मेची. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार लागतात, तेवढेही बऱ्याचदा जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. गंमत अशी की त्याच सकाळी शाळेत निकाल असतो. प्रगतिपत्रक घ्यायला आया येतात, आज्या येतात, लहान भावंडं कडेवर असतात. गणपूर्तीइतकी माणसं शाळेच्या पटांगणात उभी असतात आणि ग्रामसभा शंभर पावलांवर रिकामी. जिल्हाभरच्या सरपंचांना उद्देशून पालकमंत्र्यांनी आदल्या दिवशी दोन शब्द सांगितले तर हे जुळवता येईल. 'ऊसतोड कामगार' हा शब्द कामगार दिनाच्या शुभेच्छांत मी अजून ऐकलेला नाही, तोही यानिमित्तानं येईल. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भट्टीपुढे उभे राहणारे बिहार-ओडिशाचे मजूरही तसेच वगळले जातात. ते मतदार नाहीत म्हणून असेल.

सोलापूरच्या माहिती अधिकाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे, आणि सगळ्या पत्रात माझी ही सर्वांत आवडती तारीख आहे. १ मे १९४७. देश स्वतंत्र व्हायला साडेतीन महिने होते आणि पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना बंद होतं. आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरून साने गुरुजींनी सभा घेतल्या, आणि या दिवशी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्यांना लोक मुलांसाठी लिहिणारा हळवा माणूस म्हणून ओळखतात. तोच माणूस या वेळी हटला नाही. सनातनी मंडळींचा विरोध तर होताच, पण गांधीजींनाही हे उपोषण सुरुवातीला पटलेलं नव्हतं, आणि गांधीजींवर ज्याचा जीव होता त्या माणसानं तरीही ते चालू ठेवलं. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेल्या दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिराच्या बडव्यांशी बोलणी झाली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात मंदिर सर्वांना खुलं करण्याचं मान्य झाल्यावर उपोषण सुटलं.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. दरवर्षी आषाढीला लाखो लोक तिथून पुढे जातात. तिथल्या दाराचा इतिहास सांगायचा तर त्याची तारीखच १ मे आहे. सोलापुरात ध्वजारोहण होतं तिथून पंढरपूर तास-दीड तासावर, आणि राज्यस्थापनेच्या तेरा वर्षं आधी, त्याच तारखेला, राज्य कशासाठी हवं याचा एक नमुनाच तिथे घडला होता. शासकीय भाषणात 'पुरोगामी महाराष्ट्र' हे शब्द असतातच. ते कुठून आले हे सांगणारी घटना हाताशी असताना नुसते शब्द वापरणं हा मला आळस वाटतो. माफ करा, पण मास्तरकीची सवय जात नाही.

गडचिरोलीला मात्र बोलताना मीही थांबतो. १ मे २०१९. आधी कुरखेडा तालुक्यात दादापूरला माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाच्या जवानांचं वाहन जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगानं उडवलं. पंधरा जवान गेले आणि त्यांना घेऊन जाणारा चालकही गेला. सरकारी यादीत पंधरा पोलीस ठळक येतात, सोळावा माणूस खाली येतो किंवा येतच नाही. तो खासगी गाडीचा चालक होता. राज्यभर त्या सकाळी पोलीस संचलन झालेलं, सन्मानचिन्हं वाटलेली. गडचिरोलीच्या भाषणात त्यांची आठवण निघत असेल, निघत असणारच. माझं म्हणणं उरलेल्या पस्तीस जिल्ह्यांबद्दल आहे. महाराष्ट्राच्या वाढदिवशी महाराष्ट्राचे पंधरा पोलीस मारले गेले, ही फक्त गडचिरोलीची बातमी कशी असेल? आणि लिहाल तेव्हा सोळा लिहा.

नागपूर विभागातल्या मित्रांची अडचण मला कळते. ध्वज फडकत असताना विदर्भवादी मंडळी त्याच दिवशी काळे झेंडे घेऊन उभी असतात, वर्षानुवर्षं. मी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा नाही. पण १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या आश्वासनांवर विदर्भ महाराष्ट्रात आला, हे काही गुपित नाही, शाळेच्या पुस्तकात आहे. मैदानाबाहेर उभ्या माणसाला माहीत असलेली गोष्ट मैदानातल्या ध्वनिक्षेपकावरून येऊ नये, हा संकोच आता साठीनंतर तरी सोडायला हरकत नाही. मंत्री ते वाचतील का, हा प्रश्न वेगळा. मसुद्यात तर येऊ द्या. त्यांनी खोडलं तर त्यांनी खोडलं.

दोन गोष्टी पटकन सांगतो. १ मे १९६६ पासून, काही वर्जित प्रयोजनं, म्हणजे मुद्दाम वगळलेली कामं, सोडून, राज्याचा कारभार मराठीत करणं बंधनकारक झालं. मराठवाड्यात याची किंमत वेगळी आहे. इथल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर उर्दू आहे, मोडी आहे. माझ्या लहानपणी कुणाच्या तरी वडिलोपार्जित कागदावर काय लिहिलंय ते वाचायला एखादे म्हातारे मौलवी शोधावे लागत. २०२३ नंतर कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले दप्तर धुंडाळायची वेळ आली तेव्हा सगळ्या राज्याला अचानक कळलं की हे कागद आपल्याला वाचता येत नाहीत. शेतकऱ्याला सातबारा स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणं, यामागे ही तारीख आहे.

दुसरी सर्वांत ताजी. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर लिहिताना आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा निर्णय शासनानं त्याच वर्षी मार्चमध्ये केला. ही मुलं २०३० च्या आसपास पहिलीत येतील आणि हजेरीपटावर पहिल्यांदाच प्रत्येक नावात आई असेल. आजवर आईसाठी वेगळा रकाना असे, बऱ्याच शाळांत तो घाईनं भरलेला, 'गंगूबाई' की 'गंगाबाई' हे कुणी विचारायच्या भानगडीत न पडता. मी वर्गात असतो तर त्या जूनची वाट पाहिली असती. निर्णय कुठल्या सरकारनं केला ते सांगायला आपले मंत्री विसरणार नाहीत, म्हणून हा मुद्दा तरी भाषणात नक्की येईल अशी आशा आहे. जमल्यास त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या बाळांच्या आयांना कार्यक्रमाला बोलवा. पहिल्या रांगेत बसवा, उन्हात नको.

आता काय करायचं ते. मसुदा आपण एप्रिलच्या मध्याला सुरू करता, विभागांना पत्रं जातात, आकडे येतात. त्याच वेळी कार्यालयातल्या एका माणसाला जिल्ह्याचं गॅझेटियर आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली घेऊन दोन दिवस बसवा. बऱ्याच माहिती कार्यालयांत ही कपाटं आहेत, किल्ली कुणाकडे आहे एवढंच शोधायचं. जिल्ह्याच्या १ मेबद्दल आठ-दहा ओळी लिहा आणि आकड्यांमधून तेवढ्याच कापा. आकडे दुसऱ्या दिवशी पानभर जाहिरातीत येतातच, कुणाचं काही जाणार नाही.

सोपं जावं म्हणून जालन्यापुरता एक परिच्छेद मीच लिहून ठेवला आहे. आवडला तर तसाच घ्या, नावाची गरज नाही:

'आज महाराष्ट्र राज्याचा स्थापना दिन आहे आणि आपल्या जालना जिल्ह्याचाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातले चार तालुके आणि परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका मिळून हा जिल्हा झाला. त्याआधी १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि गावातल्या शाळेचा, दवाखान्याचा निर्णय गावाजवळ यावा हा त्यामागचा हेतू होता. जिल्हा झाल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. ऊसतोडीहून परतलेल्या बंधू-भगिनींचं मी आज विशेष स्वागत करतो. आपल्या गावात आजच ग्रामसभा आहे. मुलांचा निकाल घेऊन झाला की तिथे जा.'

वाचायला सव्वा मिनिट लागतं, घड्याळ लावून पाहिलं आहे. उन्हात रांगेत उभी असलेली मुलं तेवढं सहन करतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
परतूर तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक